एकनाड, आत्या आणि गणिताचे सर

पत्र

ताई,

माझं वय २८. नोकरी पुण्यात, घर कराडला. बाबा कॉलेजात गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत. "सिद्ध करून दाखव" हे वाक्य मी घरात जितकं ऐकलं तितकं शाळेतही ऐकलं नाही. हेच बाबा पत्रिका बघतात. एक पैसा घेत नाहीत, पण सगळ्या भावकीत लग्न ठरायच्या आधी कागद त्यांच्यापुढे येतो.

मला ज्याच्याशी लग्न करायचं आहे तो मुलगा त्यांना आवडतो. जात, शिक्षण, घरची माणसं, कशालाच हरकत नाही. २४ गुण जुळतात. पण एकनाड आहे, म्हणजे आमच्या दोघांची जन्मनक्षत्रं एकाच नाडीत (नक्षत्रांच्या तीन गटांपैकी एकाच गटात) येतात आणि असं लग्न अशुभ मानतात, म्हणून "हे लग्न माझ्या हातून लागणार नाही" एवढंच ते म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांनी पुण्यात केलेल्या ज्योतिषाच्या चाचणीचा लेख मी त्यांना छापून दिला. संध्याकाळी त्यांनी तो परत दिला, समासात पेन्सिलीने पाच आक्षेप लिहून. वर म्हणाले, "नारळीकरांनी तरी महास्फोट (बिग बँग) आयुष्यभर कुठे मानला?" नाडी म्हणजे आपल्या पूर्वजांचं जेनेटिक्स, असंही त्यांचं म्हणणं. फोनवर रोज वाद होतो, आई रडते. इतका हुशार माणूस असा कसा अडकतो? त्यांना पटेल असा कोणता पुरावा देऊ?

ता. क. आत्याच्या लग्नात एकनाड होती. आजोबांनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि दोन वर्षांत आत्याचे यजमान गेले. बाबा तेव्हा एम.एस्सी. करत होते. पत्रिकेचा अभ्यास त्यांनी त्यानंतर सुरू केला. दहाएक वर्षांपूर्वी माझ्या चुलत बहिणीचं ठरत आलेलं लग्न त्यांनी एकनाडीवरूनच थांबवलं. तिचं अजून झालेलं नाही.

– एक वाचक, कराड

*

उत्तर

तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तू ता. क.मध्ये टाकला आहेस. त्याकडे मी येते, पण आधी तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते: बाबांना आज पटेल असा कोणताही पुरावा नाही. तू आणखी दहा लेख छापून नेलेस तर पेन्सिलीने पन्नास आक्षेप लिहिलेले परत येतील.

हुशार माणूस चुकीच्या गोष्टीला धरून बसला की आपल्याला वाटतं, याची बुद्धी इथे बंद पडली आहे. प्रत्यक्षात ती जोरात चालू असते. हार्वर्डमध्ये डेव्हिड पर्किन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात लोकांना वादाचे विषय दिले आणि दोन्ही बाजूंनी सुचतील तेवढे मुद्दे मांडायला सांगितले. ज्यांचा बुद्ध्यंक जास्त होता त्यांना जास्त मुद्दे सुचले, पण फक्त स्वतःच्या बाजूचे. समोरच्या बाजूचे मुद्दे शोधण्यात त्यांची बुद्धी त्यांच्या कामाला आली नाही. त्याआधी, १९७९ मध्ये, स्टॅनफर्डमधल्या एका प्रयोगात फाशीच्या शिक्षेचे समर्थक आणि विरोधक अशा दोन्ही गटांना दोन अभ्यास वाचायला दिले होते: एक फाशीने खून कमी होतात असं सांगणारा, दुसरा होत नाहीत असं सांगणारा. दोन्ही गटांनी आपल्याविरुद्ध जाणाऱ्या अभ्यासातल्या उणिवा बारकाईने शोधून काढल्या, आपल्या बाजूचा अभ्यास ठीक आहे म्हणून स्वीकारला, आणि वाचून उठले ते आधीपेक्षा ठाम होऊन. तुझ्या घरी त्या संध्याकाळी हेच झालं. बुद्धी आपल्या मताची वकिली करते, आणि वकील जितका निष्णात तितकी केस लांबते.

ते पाच आक्षेप काय होते हे तू लिहिलेलं नाहीस. त्यातले एक-दोन योग्यही असतील. ती चाचणी काय होती ते इतर वाचकांसाठी सांगते. २००८ साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि एकेकाळी स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. १०० मुलं हुशार म्हणून शाळांनी निवडलेली, १०० मतिमंद मुलांच्या संस्थांमधली. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पत्रिका पाठवायच्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते त्याने सांगायचं. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवलं तरी ४० पैकी साधारण २० बरोबर यावीत. या २७ जणांची सरासरी आली १७.२५. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका बघितल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली.

बाबा म्हणू शकतात की २७ ही संख्या लहान आहे, यात खरे जाणकार नव्हते, मुलाची बुद्धी पत्रिकेवरून सांगता येते असा आमचा दावाच नाही. म्हणू देत. एखाद्या प्रयोगाकडे गणिताच्या माणसाने असंच बघायला हवं. माझा प्रश्न वेगळा आहे. हीच पेन्सिल त्यांनी आत्याच्या पत्रिकेवर कधी चालवली का? तिथे तर एकच उदाहरण आहे.

ते गणित अवघड नाही, आणि बाबांना ते कुणी शिकवायची गरज नाही. नक्षत्रं २७, नाड्या तीन, प्रत्येक नाडीत नऊ नक्षत्रं. चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र ओलांडतो. म्हणजे कुठलीही दोन माणसं घेतली तर त्यांची नाडी एक निघण्याची शक्यता जवळपास एकतृतीयांश. ज्या घरांत पत्रिका बघतच नाहीत, ज्या देशांत नाडी हा शब्दही माहीत नाही, तिथल्या प्रत्येक तीन जोडप्यांमधलं एक एकनाडीचं आहे. एकनाडीने नवरे मरत असते, मुलं दगावत असती, तर पृथ्वीवरच्या एकतृतीयांश घरांत ते दिसलं असतं आणि विमा कंपन्यांना त्याचा पत्ता ज्योतिषांच्या आधी लागला असता. आत्याच्या यजमानांचं जाणं हे अत्यंत दुःखद होतं. पण ते ज्या वर्षी गेले त्या वर्षी एकनाड नसलेल्याही कितीतरी बायका विधवा झाल्या असतील. त्यांच्या पत्रिका कुणी उघडून बघितल्या नाहीत, कारण त्या बाबांच्या बहिणी नव्हत्या.

नाडी म्हणजे जेनेटिक्स, हा मुद्दा अलीकडे फार ऐकू येतो. शिकलेल्या माणसांना तो सोयीचा पडतो, कारण त्यामुळे जुनी भीती नव्या भाषेत बोलता येते. नाडी ठरते जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता त्यावरून. जनुकं ठरतात आईवडिलांकडून. एकाच आईवडिलांची दोन मुलं वेगवेगळ्या नक्षत्रांवर जन्मली तर त्यांच्या नाड्या वेगळ्या असू शकतात. रक्तगटाचं म्हणशील तर अडचण येते ती आई आरएच निगेटिव्ह आणि वडील आरएच पॉझिटिव्ह असतील तेव्हा. म्हणजे सारखेपणातून नव्हे, वेगळेपणातून. आणि त्यावर १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून अँटी-डी इंजेक्शन उपलब्ध आहे. त्याहून मोठी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत मामाची मुलगी करायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जनुकांचा प्रश्न खरोखर जिथे येतो ती जागा हीच, जवळच्या नात्यातलं लग्न. जवळचं नातं आहे म्हणून नाडीने मामेबहिणीला कधी अडवलं नाही. त्यांची नाडी वेगळी निघाली की अक्षता पडल्या.

एवढं सगळं लिहूनही मी तुला सांगते, की यातलं एक अक्षरही बाबांना ऐकवू नकोस. निदान आत्ता नको. हे तुझ्यासाठी लिहिलं आहे, म्हणजे मनात शंकेचा एक कणही घेऊन तू लग्नाला उभी राहणार नाहीस. बाबांच्या बाबतीत अडचण माहितीची नाहीच.

केप्लरबद्दल तुझ्या बाबांनी वर्गात सांगितलं असणारच. ग्रह वर्तुळात फिरतात असं ग्रीकांच्या काळापासून जवळपास दोन हजार वर्षं सगळे शहाणे लोक मानत होते. कोपर्निकसने सूर्य मध्यभागी आणला, पण वर्तुळं तशीच ठेवली. केप्लरने टायको ब्राहीने केलेली मंगळाची निरीक्षणं घेतली आणि वर्तुळाचा हिशेब बसवायला सुरुवात केली. कित्येक वर्षं आकडेमोड केली. शेवटी गणित आणि निरीक्षण यांच्यात आठ कलांचा फरक राहिला. आठ कला म्हणजे आकाशात पौर्णिमेचा चंद्र जेवढा दिसतो त्याच्या साधारण पाव भाग. दुसऱ्या कुणी एवढा फरक निरीक्षणाच्या चुकीत ढकलून दिला असता. केप्लर म्हणाला, टायकोची निरीक्षणं इतकी चुकणं शक्य नाही. त्याने वर्तुळ सोडलं आणि १६०९ साली लंबवर्तुळ जगापुढे ठेवलं. समजूत सोडण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात फार थोडं सापडेल.

आता याच माणसाची दुसरी गोष्ट. १५९५ मध्ये केप्लर ग्राट्झमध्ये शिक्षक होता, तुझ्या बाबांसारखाच गणित शिकवणारा. वय २३. मुलांना शिकवताना आकृती काढता काढता त्याला एकदम सुचलं, की (तेव्हा माहीत असलेले) ग्रह सहाच का? तर नियमित, म्हणजे सगळ्या बाजू सारख्या असलेल्या, घनाकृती पाचच आहेत म्हणून! घन, चतुष्फलक वगैरे पाच आकृत्या एकात एक बसवल्या की त्यांच्यामध्ये सहा गोल बसतात, आणि देवाने ग्रहांची अंतरं तशी आखली आहेत. कल्पना सुंदर होती आणि चुकीची होती. अंतरं नीट जुळत नव्हती, हे त्याला स्वतःच्याच पुढच्या कामातून दिसत होतं. पुढच्या आयुष्यात त्याने तिला ठिगळं लावली, शेजारी नव्या कल्पना उभ्या केल्या, पण तिला सोडलं नाही. १५९६ साली छापलेलं ते पहिलं पुस्तक त्याने पंचवीस वर्षांनी, १६२१ मध्ये, टिपा जोडून पुन्हा काढलं, आणि टिपांतही मूळ कल्पनेची पाठराखण केली.

दोन हजार वर्षांची समजूत आठ कलांसाठी सोडणारा आणि पंचवीस वर्षांची समजूत काही केल्या न सोडणारा, हा माणूस एकच. माझ्या मते फरक इतकाच, की वर्तुळ ॲरिस्टॉटलचं होतं, टॉलेमीचं होतं, सगळ्यांचं होतं. त्या पाच आकृत्या केप्लरच्या स्वतःच्या होत्या. तेविसाव्या वर्षी, फळ्यापुढे उभं असताना, त्याला एकट्याला सापडलेल्या. (केप्लर पत्रिकाही मांडायचा. तिथेही तो रूढ ज्योतिषातलं बरंच काही थोतांड म्हणून टाकून द्यायचा आणि स्वतःला पटलेला भाग जपायचा.)

बाबांची एकनाड ही अशी त्यांची स्वतःची आहे. ती त्यांना आजोबांकडून मिळालेली नाही, आजोबांनी तर तिकडे दुर्लक्ष केलं होतं. घरात आकाश कोसळलं, बहीण पांढऱ्या कपाळाने परत आली, आणि एम.एस्सी. करणाऱ्या त्या मुलाने "असं का झालं" या प्रश्नाचं उत्तर शोधलं. ज्याला लहानपणापासून कारणं शोधायची सवय आहे त्याला "कारण काही नाही, गेले" हे उत्तर सहन होत नाही. साध्या माणसाला देवाची इच्छा म्हणून गप्प बसता येतं. हुशार माणूस नियम शोधतो. बाबांना नियम सापडला, आणि त्या नियमाने त्यांना एक वचन दिलं, की यापुढे आपल्या घरात असं होणार नाही, मी होऊ देणार नाही. भावकीतला प्रत्येक कागद ते फुकट का बघतात ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. ती त्यांची राखण आहे.

आणि आता तुझी चुलत बहीण.

जुनी समजूत एकटी नसते. तिच्या भरवशावर घेतलेले निर्णय तिला चिकटलेले असतात. "एकनाडीत काही नाही" हे वाक्य बाबांच्या तोंडून बाहेर पडलं की त्याच क्षणी दुसरं वाक्य तयार होतं: "मग त्या मुलीचं लग्न मी कशासाठी थांबवलं?" तुझी बहीण तेव्हा साधारण तुझ्या आजच्या वयाची असेल. गेली दहा वर्षं तिचं घर आणि तिची आई बाबांच्या शब्दावर थांबलेली आहेत. तुझ्या पुराव्याला बाबा उत्तर देतात ते लेखाला नाही, या दुसऱ्या वाक्याला. जितका माणूस सज्जन तितकं हे अवघड. ज्याला दुसऱ्याचं काही पडलेलं नाही तो आज एक बोलेल, उद्या दुसरं. तुझे बाबा तसे नाहीत, म्हणूनच ते अडकले आहेत. आणि तू त्यांना रोज फोनवर, पुराव्यासकट, सांगते आहेस की तुम्ही चूक आहात. त्यांना ऐकू काय येतं याचा विचार कर.

एक शंका मी मनात तपासून बघितली. आपल्याकडे "पत्रिका जुळत नाही" हा नकार द्यायचा सभ्य मार्ग आहे. मुलगी आवडली नाही, हुंड्याचं जमलं नाही, जातीचं खटकलं, की पत्रिका पुढे केली जाते. तसं असतं तर मी तुला वेगळं उत्तर दिलं असतं. पण मुलगा आवडूनही जो माणूस नाही म्हणतो, आणि त्यासाठी लेकीशी वैर पत्करतो, तो बहाणा करत नाही. त्याला खरंच भीती वाटते आहे की हा मुलगा दोन वर्षांत जाईल आणि तू आत्यासारखी परत येशील. त्या भीतीला तू अजून एकदाही उत्तर दिलेलं नाहीस. तू उत्तर देते आहेस ज्योतिषशास्त्राला.

नारळीकरांचा दाखला बाबांनी दिला तो मला मात्र आवडला, कारण त्यात तुझ्यासाठी एक रस्ता आहे. त्यांचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून आहे. फ्रेड हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर-स्थिती विश्वाचा सिद्धांत मांडला (विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम असंच आहे, असं सांगणारा), आणि नारळीकर केंब्रिजमध्ये हॉईल यांचे विद्यार्थी होते. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडल्याचं जाहीर केलं, ते महास्फोटाची खूण मानलं गेलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी १९९३ मध्ये त्या सिद्धांताची सुधारित मांडणी केली आणि २०२५च्या मे महिन्यात जाईपर्यंत महास्फोटाबद्दल शंका घेत राहिले. तरुणपणी गुरूबरोबर उभं केलेलं काम सोडणं त्यांनाही जड गेलं असेल का? असेल. त्यात त्यांचा मोठेपणा कमी होत नाही. पण त्यांनी तो विश्वास कसा बाळगला ते बघ. आपलं गणित छापलं, आपला सिद्धांत खरा असेल तर आकाशात काय दिसायला हवं ते लिहिलं, टीका झाली तिला उत्तरं दिली. आणि पुण्यात त्यांनी उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये महास्फोट मानूनच संशोधन करणारे शास्त्रज्ञ त्यांच्या डोळ्यांसमोर काम करत राहिले. संचालकांना पटत नाही म्हणून कुणाचं काम थांबलं नाही.

बाबांकडे मागायचं ते एवढंच. पत्रिका सोडा असं म्हणू नकोस. त्यांनी ती ठेवावी, शेवटपर्यंत ठेवावी, नारळीकरांनी आपला विश्व-सिद्धांत ठेवला तशी. फक्त तिने तुझं लग्न थांबवू नये. ही मागणी खूप लहान आहे आणि तिच्यात बाबांना हरावं लागत नाही.

इथे तुझ्याबद्दलही एक बोलायचं आहे, रागावू नकोस. तुझीही एक समजूत आहे: नीट पुरावा दिला की बाबा बदलतील. ती समजूत तुला बाबांनीच दिली, "सिद्ध करून दाखव" म्हणून म्हणून. ती रोज संध्याकाळी फोनवर खोटी ठरते आणि दुसऱ्या दिवशी तू नवा लेख शोधतेस. तुला फक्त होकार नको आहे, तुला तो होकार शास्त्राला पटून यायला हवा आहे. आपण ज्यांना देव मानत मोठे झालो त्या बाबांची बुद्धी शाबूत आहे याची तुला खात्री हवी आहे. ते दुःख मला कळतं. पण त्याच्यासाठी लग्न अडवून धरू नकोस. बाबांना मनातून पटलं नाही तरी ते मांडवात उभे राहू शकतात.

आता काय करायचं ते सांगते.

पुढच्या सुट्टीला कराडला जा आणि काही दिवस हा विषय काढू नकोस. मग एखाद्या निवांत वेळी बाबांना आत्याच्या यजमानांबद्दल विचार. ते कसे होते, काय आजार होता, दवाखाना कुठला, तेव्हा बाबा कुठे होते, निरोप कुणी आणला. आजोबांना त्यानंतर काय वाटलं. पत्रिका हा शब्द तुझ्याकडून येऊ देऊ नकोस. तुला या माणसाची सगळी गणितं माहीत आहेत, ही एक गोष्ट माहीत नाही. ते बोलले तर मध्ये तोडू नकोस, दुरुस्त करू नकोस. आत्या असतील तर त्यांच्याशीही बोल, आणि तेही मनापासून, साक्षीदार मिळवायला नको. मला असंही वाटतं की आत्यांना त्या मृत्यूचं कारण एकनाड वाटतच नसेल. बायकांना नवऱ्याचा आजार पाठ असतो. पण ते त्यांच्या तोंडून आलं तर येऊ दे.

दुसरं, बाबांच्या काळजीला खरा पत्ता दे. मुलांचं आरोग्य, रक्त, जेनेटिक्स यांची चिंता असेल तर लग्नाआधी तुम्ही दोघांनी थॅलेसेमियाची (आईवडिलांकडून मुलांना येणारा रक्ताचा आजार) रक्ततपासणी आणि रक्तगट करून घ्या. ही औपचारिकता मुळीच नाही, प्रत्येक जोडप्याने हे करायलाच हवं. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता एकचतुर्थांश असते. हा एकचतुर्थांश बाबांना समजावून सांगावा लागणार नाही. रिपोर्ट त्यांच्या हातात दे, त्यांना वाचू दे, डॉक्टरांना प्रश्न विचारायचे असतील तर सोबत घेऊन जा. ज्याला राखण करायची आहे त्याला राखणीचं काम द्यावं.

तिसरं, पत्रिका बदलायच्या भानगडीत पडू नकोस. जन्मवेळ थोडी सरकवून नाडी बदलून देणारी माणसं मिळतात, आणि तुझ्या मैत्रिणींपैकी कुणीतरी हा सल्ला दिलाही असेल. बाबा ती पत्रिका स्वतः मांडतील आणि पकडतील. नाही पकडली तरी तू आयुष्यभर एका खोट्या कागदावर उभी राहशील. एकनाडीला ग्रंथांमध्ये अपवाद सांगितलेले आहेत, तू न सांगता बाबा ते जाणतात. त्यांनी स्वतःहून एखादा अपवाद शोधला, एखादी शांत करून घ्यायची म्हटलं, तर हसू नकोस आणि वाद घालू नकोस. ती त्यांनी स्वतःसाठी काढलेली वाट असेल. फक्त तू तिची मागणी करू नकोस, नाहीतर पुढच्या प्रत्येक गोष्टीत पत्रिकेचा शब्द शेवटचा ठरेल.

चौथं, तारीख ठरव. सहा महिने, आठ महिने, जे तुम्हा दोघांना योग्य वाटेल ते. बाबांना ती धमकी म्हणून नको, बातमी म्हणून सांग: आम्ही अमुक महिन्यात लग्न करणार आहोत, तुम्ही असावं ही माझी फार इच्छा आहे, तुम्हाला पटलं नाही तरी चालेल. ते आले नाहीत तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहेच. त्यात नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, तेवढं आधी ध्यानात ठेव. आणि तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला हे पत्र वाचून दाखव. लग्नानंतर त्याला साधा ताप आला तरी कराडहून फोन येईल आणि त्या फोनमध्ये एकनाड असेल. हे काही वर्षं चालेल. त्याने ते अपमान म्हणून घेतलं तर तुमच्या घरात भांडणं होतील. घाबरलेल्या माणसाची चौकशी म्हणून घेतलं तर निभावेल.

यातलं काहीही करायच्या आधी चुलत बहिणीला भेट. एकटीच जा. तुझं लग्न एकनाड असून होणार आहे हे तिला तुझ्याकडून कळायला हवं, भावकीतून नको. तिला राग येईल, कदाचित तुझ्यावर नाही, बाबांवर. येऊ दे. जे तिला नाकारलं ते स्वतःच्या लेकीला कसं द्यायचं, हा प्रश्न बाबांच्या मनात तू लग्नाचं नाव काढल्या दिवसापासून असणार, आणि त्याचं उत्तर ना तू देऊ शकतेस, ना नारळीकरांचा प्रयोग. ती देऊ शकते. ती बाबांशी बोलायला तयार असेल तर तिच्याबरोबर कराडला जा आणि त्या दोघांना बोलू दे. तयार नसेल तर तिला भरीला घालू नकोस, आणि तिच्या वतीनेही काही बोलू नकोस.